समूहगानातील आवाजांचे मिलन

समूहगानातील आवाजांचे मिलन : अनेक व्यक्तींनी एकत्र गायिलेल्या गीतात प्रत्येकाचा कंठ निराळा असूनही ऐकणाऱ्यास एकच भरीव व अखंड आवाज प्रतीत होणे, यास आवाजांचे मिलन म्हणतात. दहा माणसे एकाच वेळी एकच गीत गाऊ लागली म्हणजे ते आपोआप घडते, असे नाही. कधी दहा आवाज दहा वाटांनी जातात. कधी एखादाच आवाज इतरांवर कुरघोडी करतो. कधी मात्र गाणाऱ्यांपैकी कोणाचाही आवाज वेगळा काढता येत नाही आणि तरीही त्यांपैकी कोणी गायचे थांबला, तर काहीतरी उणे झाल्याचे जाणवते. या तिसऱ्या अवस्थेची कारणे कोणती, हा प्रश्न संगीतशास्त्राइतकाच ध्वनिकीचा आणि सामाजिक इतिहासाचाही आहे. महाराष्ट्रात तो विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण येथील अभिजात संगीत एकल गायकाभोवती वाढले असले, तरी बहुसंख्य मराठी माणसांना संगीताचा पहिला अनुभव भजनातून, आरतीतून वा शाळेतील प्रार्थनेतून, म्हणजे समूहातूनच मिळत आलेला आहे.

या विषयाची सर्वांत नेमकी जुनी चर्चा महाराष्ट्राच्या भूमीवरच झालेली आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याच्या प्रकीर्णक नावाच्या तिसऱ्या अध्यायात गायक-वादकांच्या समूहास ‘वृंद’ ही संज्ञा देऊन त्याचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे भेद सांगितले आहेत. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, त्यांना साथ करणारे आठ समगायन, बारा गायिका, चार वंशीवादक आणि चार मृदंगवादक अशी एकूण बत्तीस माणसे असतात. मध्यम वृंद याच्या निम्मा असतो. कनिष्ठ वृंदात मुख्य गायक एकच असतो. केवळ स्त्रियांच्या वृंदाचाही स्वतंत्र विचार असून त्याच्या उत्तम प्रकारात दोन मुख्य गायिका व दहा समगायिका सांगितल्या आहेत. उत्तम वृंदापेक्षा मोठ्या समूहाला शार्ङ्गदेवाने दिलेले नाव मात्र लक्षणीय आहे : कोलाहल. त्या शब्दात आज जो निंदेचा सूर ऐकू येतो तो ग्रंथकारास कितपत अभिप्रेत होता, हा वादाचा विषय होऊ शकेल. तथापि संख्या वाढली म्हणजे गुण वाढतोच असे नाही, ही जाणीव त्या वर्गीकरणामागे आहे यात शंका नाही.

त्याहून मोलाचे आहेत ते वृंदाचे सहा गुण. मुख्य गायकाचे अनुसरण करणे. आवाजांचे परस्परांत मिसळणे, म्हणजे ‘मिलन’. तालाच्या चालीबरोबर चालणे. एकाच्या गाण्यात खंड पडला असता दुसऱ्याने तो भरून काढणे. मंद्र, मध्य व तार या तिन्ही स्थानांत संचार करण्याचे सामर्थ्य. आणि आवाजांच्या जातीतील सारखेपणा, असे ते गुण होत. मिलन हा येथे सहांपैकी एक गुण म्हणून आला असला, तरी बारकाईने पाहिल्यास उरलेले पाचही त्याचीच साधने ठरतात. विसाव्या शतकात यूरोपात प्रयोगशाळेतील उपकरणांच्या साहाय्याने या विषयाचे जे संशोधन झाले, त्यातील बरेचसे निष्कर्ष या सहा शब्दांच्या आसपासच येऊन पोहोचतात. याच अध्यायात मानवी आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक असे चार भेद कफ, पित्त, वात या त्रिदोषांच्या आधारे केलेले आहेत. आजचे शास्त्र त्रिदोषांची उपपत्ती मान्य करणार नाही. पण वेगवेगळ्या जातींचे आवाज एकमेकांत सारख्याच सुलभतेने मिसळत नाहीत, हे निरीक्षण खरे आहे.

आवाज मिसळतात म्हणजे भौतिक दृष्ट्या काय होते, हे येथे पाहणे आवश्यक आहे. एका सेकंदास २२० कंपने करणारा एक आवाज आणि २२२ कंपने करणारा दुसरा आवाज एकत्र आले, तर त्यांची बेरीज सेकंदास दोनदा वाढते व दोनदा घटते. या चढउतारास विस्पंद म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्पंदांचा स्वरसंवादाशी असलेला संबंध सविस्तर मांडला. दोघेच गात असतील, तर विस्पंद स्पष्टपणे कानास बोचतो. परंतु वीस-पंचवीस जण गात असतील, तर शेकडो विस्पंद एकमेकांत गुंततात, त्यांची नियमितता नष्ट होते आणि उरतो तो एक मृदू, लहरता आवाज. श्रोत्याचा कान त्यातून एकेका गायकाचा माग काढू शकत नाही. समूहगानाचा जो खास पोत म्हणून ओळखला जातो, तो असा लहानलहान चुकांच्या गर्दीतून निर्माण होतो. सर्वांचे स्वर गणिती काटेकोरपणे एक झाले असते, तर तो पोत उरलाच नसता. चांगल्या समूहातील गायकांच्या स्वरांत साधारणतः १० ते २० सेंटचा विखार आढळतो, असे स्वीडनमधील मोजण्यांतून दिसून आले आहे (हार्मोनियमवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर १०० सेंट मानतात). विखार याहून बराच वाढला, तर मात्र स्वर फाटल्यासारखा वाटतो.

महाराष्ट्रात या गुणांची सर्वांत दीर्घ व व्यापक साधना वारकरी भजनात झाली. भजनाचा पाया एकस्वरी आहे. सर्वजण एकच चाल गातात, स्त्रिया व मुले असल्यास ती वरच्या सप्तकात जाते. विणेकरी मध्यभागी उभा असतो, मृदंगी त्याच्याजवळ, आणि टाळकरी समोरासमोर दोन रांगांत. ही रचना केवळ शोभेची नव्हे. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाचे ओठ दिसतात, टाळ उचललेला हात दिसतो, आणि त्याचा आवाज सरळ कानावर येतो. वीणा आधारस्वर देते. मृदंगाचे साहाय्य तालापुरते मर्यादित नसते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की, शाई लावलेल्या भारतीय चर्मवाद्यांतून इतर ढोलांप्रमाणे विस्कळीत नाद न निघता तंतुवाद्यासारखे सुसंवादी उपस्वर निघतात. त्यामुळे मृदंगाची प्रत्येक खुली थाप गाणाऱ्यांना षड्जाची आठवण करून देत राहते. टाळांच्या तीव्र, लखलखीत नादाने स्वराचे नव्हे, तर काळाचे मिलन साधते. शंभर माणसांच्या शब्दांची सुरुवात एका क्षणी होणे त्याच्यावाचून कठीण.

अभंगाची छंदोरचनाही या कामी उपकारक ठरलेली आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा व चार अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या शेवटी यमक असते. लघुगुरूंचे बंधन नसून गाताना अक्षरे सामान्यतः दीर्घच उच्चारली जातात. त्यामुळे व्यंजनांचा खडखडाट कमी होतो आणि स्वरवर्ण लांबतात. विशेषतः यमकाच्या जागी सर्वांचे तोंड एकाच स्वरवर्णावर एकाच आकारात उघडते. ध्वनिकीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. आ, ई, ऊ हे वर्ण एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात, ते मुखविवराच्या आकारानुसार काही ठराविक कंप्रता अधिक ठळक होतात म्हणून. दोन गायकांचा षड्ज एकच असला, पण एकाचा ‘आ’ उघडा व दुसऱ्याचा मिटलेला असला, तर आवाज मिसळत नाहीत. उलट स्वरवर्ण जुळले, तर स्वरातील थोडाफार फरक झाकला जातो. शार्ङ्गदेवाने सांगितलेला आवाजांच्या जातीतील सारखेपणा बऱ्याच अंशी येथून येतो. एका गावची, एकच बोली बोलणारी भजनी मंडळी फारशा शिक्षणाशिवाय एकजीव गातात आणि शहरातील निवडक गळ्यांच्या समूहास त्यासाठी महिनोन्‌महिने तालीम करावी लागते, याचे एक कारण हेच असावे.

खंड भरून काढण्याचा गुण तर वारकरी संप्रदायाने केवळ गायनात नव्हे, आचारातही आणला. भजनात सर्वजण एकाच जागी श्वास घेत नाहीत. एक रांग चरण म्हणते तेव्हा दुसरी दम खाते, आणि एकाच रांगेतही शेजाऱ्याने श्वास घेतला की दुसरा स्वर धरून ठेवतो. कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे उभे असलेले टाळकरी त्याच्या तोंडचे चरण अलगद उचलतात व त्याला पुढील निरूपणासाठी उसंत देतात. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही; पाळीपाळीने माणसे पहारा करतात आणि ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पोवाड्यातील झीलकऱ्यांचे कार्यही याच जातीचे होय. शाहिराची ओळ संपते न संपते तोच झीलकरी तिचे शेवटचे अक्षर वरच्या स्वरात पकडतो. ऐकणाऱ्यास शाहिराचा श्वास कधी ऐकूच येत नाही.

पंढरीच्या वारीतील दिंड्यांची व्यवस्था ही समूहाच्या आकारमानाविषयीच्या व्यावहारिक शहाणपणाचा उत्तम नमुना होय. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यास एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी शिस्तबद्ध रूप दिले. रथाच्या पुढे व मागे क्रमांकानुसार दिंड्या चालू लागल्या. प्रत्येक दिंडीस स्वतःचा विणेकरी, स्वतःचा मृदंग व स्वतःचे टाळकरी असतात. संपूर्ण वारीने एकच अभंग एकाच वेळी गावा, असा आग्रह कोणी धरला नाही, आणि तो धरता येण्यासारखाही नव्हता. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तीस-पस्तीस मीटर अंतरावरील टाळ सुमारे एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. जलद ठेक्यात एवढा विलंब गायन विस्कटण्यास पुरेसा असतो. मागचा माणूस पुढच्याला ऐकून गाऊ लागला की तो मागे पडतो, त्याला ऐकून त्याच्यामागचा आणखी मागे पडतो. कानाने जुळता येईल एवढाच समूह ठेवणे हा त्यावरील उपाय, आणि दिंडी हा तो समूह. संख्येने मिळणारा लाभही वाटतो तितका नसतो : गायकांची संख्या दुप्पट झाली की आवाजाची पातळी अवघी तीन डेसिबेलने वाढते. शंभर गायकांची पातळी एकाच्या तुलनेत सुमारे वीस डेसिबेलने अधिक, म्हणजे कानास साधारण चौपट मोठी भासणारी असते, शंभरपट नव्हे.

असे असूनही सर्व दिंड्यांना एकत्र आणणारा एक प्रसंग वारीत रोज येतो. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार आपला दंड वर उचलतो आणि क्षणार्धात सर्वत्र शांतता पसरते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती तेवढी आपले टाळ वाजवीत राहते. मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. या प्रसंगी मिलन होते ते शांततेत आणि कानाऐवजी डोळ्यांनी, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फार मोठ्या समूहाला हाताच्या इशाऱ्याने चालविणारा संचालक पाश्चात्त्य समूहगानात का आवश्यक ठरला, याचेही उत्तर त्यात आहे.

वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदी येथे स्थापन केली. तेव्हापासून भजन-कीर्तनाच्या पाठांस संस्थेची चौकट लाभली व तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांमुळे चालींमध्ये बराच सारखेपणा आला. गावोगावच्या चाली त्यामुळे मागे पडल्या, अशी खंत काही जाणकार व्यक्त करतात. परंतु दूरदूरच्या वारकऱ्यांना एकत्र उभे राहून गाता येणे हा त्याचाच दुसरा परिणाम आहे.

मराठी प्रदेशाच्या दक्षिणेस, गोव्यात, समूहगानाची अगदी निराळी परंपरा रुजली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन व प्रार्थनागीते शिकविली जाऊ लागली. मेस्त म्हणून ओळखले जाणारे तेथील संगीतशिक्षक गावच्या गायकवृंदाचे सूत्रधार असत. या शिक्षणातून एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाण्याची, म्हणजे स्वरसंहतीची, सवय गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या कानांना जडली. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या परिसरात बहरलेला मांडो हा कोकणी गीतप्रकार त्याचे लोकपरंपरेत उतरलेले रूप होय. घुमट व व्हायोलिनच्या साथीवर दोन आवाजांत तो गातात. दुसरा आवाज पहिल्याच्या खाली बहुधा तिसऱ्या वा सहाव्या स्वराच्या अंतराने चालतो. अशा गायनात मिलनाची कसोटी बदलते. एकस्वरी गायनात सर्वांनी एका स्वरावर जमावयाचे असते. येथे दोन भिन्न स्वर परस्परांत मुरावयाचे असतात. शुद्ध संवादी गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो आणि हार्मोनियमसारख्या समान विभागणीच्या वाद्यावर तो ४०० सेंटवर येतो. भजनात सर्वजण हार्मोनियमबरोबर गेले तर हा फरक फारसा खटकत नाही. दोन आवाजांच्या संवादात मात्र तो लगेच कानावर येतो. म्हणून कसलेले गायकवृंद वाद्याची साथ सोडून तालीम करतात. हार्मोनियमच्या या दोषाची चर्चा आपल्याकडे एकल गायनाच्या संदर्भात पुष्कळ झाली आणि आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे त्यावर बंदीही घातली. परंतु समूहगानाच्या अंगाने तिचा विचार क्वचितच झाला.

मराठी ख्रिस्ती उपासनेत या दोन परंपरांची प्रत्यक्ष गाठ पडली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत प्रारंभी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. त्या चालींत जोर ठराविक मात्रांवर येतो. मराठीत असा आघात नसून ऱ्हस्वदीर्घाचे भान असते. परिणामी मात्रेसाठी ऱ्हस्व अक्षर ओढावे लागे, दीर्घ अक्षर चेपावे लागे, आणि अर्थाचा विरस होई. शब्द तोंडात नीट बसत नसले की समूहातील प्रत्येकजण ते आपल्या परीने बसवितो आणि आवाज फुटतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर अभंग, ओवी, पद या मराठी वळणांनी विपुल भक्तिरचना केली आणि भजन-कीर्तनास उपासनेत स्थान मिळवून दिले. टिळकांच्या कार्याची चर्चा बहुधा काव्य व धर्म यांच्या अंगाने होते. पण मंडळीतील अशिक्षित माणसालाही शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळता यावा, अशी सोय त्यांनी केली, हे त्यांचे सांगीतिक कार्यही तितकेच मोठे आहे.

स्वातंत्र्य चळवळीने समूहगान देवळाबाहेर आणले. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षणास वर्गाचे रूप दिले. गुरूसमोर एकट्याने बसून घेतलेली तालीम आणि वर्गात वीस जणांनी मिळून केलेला पाठ यांत जो फरक आहे, त्याची टीकाकारांनी थट्टा केली व तीत तथ्यही होते. एकत्र घोकल्याने गवई तयार होत नाही. परंतु एका सुरात गाऊ शकणारा नागरिक तयार होतो. पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात राहिले, तेथील प्रार्थनेस त्यांनी सांगीतिक शिस्त लावली व आश्रमभजनावलीचे संकलन केले. १९३० च्या दांडीयात्रेतही ते होते. चालताना गावयाचे गीत साध्या लयीचे, मर्यादित स्वरांचे व पुन्हापुन्हा येणाऱ्या पदाचे असावे लागते; दिंडीतील अनुभव येथे वेगळ्या वेषात उपयोगी पडला.

समूहाला गाता येणे न येणे यावर केवढी मोठी गोष्ट अवलंबून राहू शकते, याचे उदाहरण राष्ट्रगीताच्या निवडीत मिळते. जवाहरलाल नेहरू यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये केलेल्या निवेदनात ‘जन गण मन’ची धून वाद्यवृंदावर उत्तम वठते, तर ‘वंदे मातरम्’ त्या दृष्टीने तितके सोयीचे नाही, हा मुद्दा पुढे आला. या निवडीमागे इतर राजकीय कारणेही होती. आळंदी येथे जन्मलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांना तो आक्षेप मान्य नव्हता. समूहाने गाण्याजोगी व बँडवर वाजविता येण्याजोगी ‘वंदे मातरम्’ची चाल त्यांनी झिंझोटी रागात बांधली आणि दिल्लीस जाऊन तिची प्रात्यक्षिकेही दाखविली. रागदारी गायकाची तान-आलापीची हौस बाजूस सारून कोणालाही एका दमात म्हणता येतील असे टप्पे त्यांनी पाडले. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मानाचे स्थान देण्यात आले. मास्टर कृष्णरावांचा उद्देश अंशतःच सफल झाला. पण समूहासाठी चाल बांधणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, हे त्यांच्या खटपटीमुळे ठळकपणे पुढे आले.

हे शास्त्र पुढे वसंत देसाई (१९१२–७५) यांनी विकसित केले. दो आँखें बारह हाथ (१९५७) व गुड्डी (१९७१) या चित्रपटांसाठी त्यांनी स्वरबद्ध केलेली प्रार्थनागीते देशभरच्या शाळांत पोहोचली. त्यांच्या चालींचा विस्तार बेताचा असतो, झेपा लहान असतात आणि श्वासाच्या जागा शब्दांच्या अर्थाशी जुळतात. शाळकरी मुलांच्या फार मोठ्या समुदायांकडूनही त्यांनी समूहगीते बसवून घेतली. मैदानावरील अशा गायनात ध्वनीच्या विलंबाची अडचण उभी राहतेच. तेथे मुलांनी शेजाऱ्यास ऐकण्यापेक्षा संचालकाच्या हाताकडे पाहणे अधिक श्रेयस्कर. याच काळात राष्ट्र सेवा दलाच्या (स्थापना १९४१) शाखांतून व कलापथकांतून स्फूर्तिगीते गाण्याची प्रथा फोफावली. तीत जोमास महत्त्व होते. मिलनाकडे लक्ष कमीच.

निखळ पाश्चात्त्य पद्धतीच्या समूहगानाचे मुंबईतील प्रमुख केंद्र म्हणजे व्हिक्टर परांजोती यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेला परांजोती अकॅडमी कोरस. त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ पासून कूमी वाडिया यांनी अनेक वर्षे त्याचे संचालन केले. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा समूहाची शिस्त भजनी मंडळापेक्षा निराळी असते : गायकांची उंच, मध्यम व खर्ज अशी विभागणी, स्वरवर्णांचा एकसारखा आकार, आणि आवाज राखून गाण्याची सवय. ही शेवटची सवय सर्वांत कठीण. एकल गायक सु. २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपल्या आवाजाला खास धार देतो, त्यामुळे तो वाद्यवृंदावरही ऐकू येतो. टॉमस रॉसिंग, योहान सुंडबेर्ग व स्टेन टेर्नस्ट्रम यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, तेच गायक समूहात गाताना ही धार कमी करतात. ज्याला ती कमी करता येत नाही, तो कितीही सुरेल असला, तरी समूहात उपराच राहतो. आपल्याकडे नावाजलेल्या गायकांना एकत्र उभे करून बसविलेली समूहगीते अनेकदा फिकी का वाटतात, याचे कारण येथे सापडते.

टेर्नस्ट्रम यांनी गायकाच्या कानावर पडणाऱ्या स्वतःच्या व इतरांच्या आवाजांचे प्रमाणही मोजले. स्वतःचा आवाज इतरांपेक्षा सुमारे सहा डेसिबेलने अधिक ऐकू यावा, असे गायकांना सर्वसाधारणपणे वाटते. त्याहून फार कमी झाला तर आपण कोणता स्वर लावीत आहोत हेच कळेनासे होते. फार वाढला तर शेजारी ऐकू येत नाही. दोन्ही परिस्थितींत मिलन बिघडते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, ही बाब फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदविली होती.

ग्रामीण महाराष्ट्रातील भजनावर ध्वनिवर्धकाने केलेला परिणाम या प्रकाशात पाहता येतो. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात नांदे, चांदे, लवळे अशी गावे आहेत. देहू व आळंदी जवळ असलेल्या या टापूत वारकरी भजनाची रीत घरोघर परिचयाची आहे, आणि पुण्याची वाढ आता त्यांच्या शिवारापर्यंत आली आहे. या आणि अशाच शेकडो गावांतील सप्ताहांत पूर्वी देवळाच्या सभामंडपात जेवढा आवाज मावे, तेवढाच समूह असे. ध्वनिवर्धक आल्यावर एक-दोन गायकांपुढे ध्वनिग्राहक ठेवला जाऊ लागला. त्यांचा आवाज कित्येक पटींनी मोठा होऊन टाळकऱ्यांच्याच कानांवर आदळतो. टाळकऱ्यास स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो जोर करतो, घसा ताणतो, स्वर चढतो, आणि अखेरीस नुसता टाळ वाजवीत राहतो. मुख्याचे अनुसरण हा एकच गुण उरतो व बाकीचे पाच गळून पडतात. गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत अभंग पोहोचतो हे खरे. पण तो दोघांचा अभंग असतो.

यावर काही मंडळांनी शोधलेले उपाय साधे आहेत. ध्वनिग्राहक गायकापुढे न ठेवता दोन रांगांच्या मध्ये उंचावर टांगणे, कर्णे मंडपाबाहेर तोंड करून बसविणे, आणि काकडा किंवा हरिपाठ यांसारखे नित्यपाठ ध्वनिवर्धकाशिवाय म्हणणे, हे त्यांपैकी होत. स्त्रियांची स्वतंत्र भजनी मंडळे वाढल्यापासून पट्टीचा जुना पेचही सुटू लागला आहे. पुरुषांना सोयीची काळी एक वा दोन ही पट्टी स्त्रियांना खाली पडते, आणि स्त्रियांची काळी चार किंवा पाच पुरुषांना फार उंच जाते. मिश्र भजनात बहुधा स्त्रियांनाच आपला आवाज दाबावा लागे. शार्ङ्गदेवाने गायिकांचा वृंद वेगळा सांगितला, त्यामागे हा विचार असणे अशक्य नाही. ध्वनिवर्धकाच्या आवाजातही स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून जुने भजनी व शाहीर जे करतात, ते मात्र कोणत्याही उपकरणाहून जुने आहे : तळहात कानामागे वाकवून ते आपलाच आवाज तोंडाकडून कानाकडे वळवून घेतात.